शिंगांची शेती

मार्गशीर्ष लागला की पिंपळगाव राजाच्या शिवारात रात्रीचे दिवे वाढतात. गावातले नव्हे, वावरातले. तूर शेंगांनी वाकलेली असते, हरभरा फुलावर आलेला असतो, पऱ्हाटीची शेवटची वेचणी उरलेली असते. आणि ज्या घरात दोन धडधाकट माणसे आहेत त्या घरातले एक माणूस रात्री माळ्यावर असते. बॅटरीचा झोत धुऱ्यावरून फिरवायचा, तेलाचा रिकामा डबा बडवायचा, अधूनमधून एखादा फटाका उडवायचा आणि पहाटे घरी येऊन चहा घेतला की पुन्हा दिवसाच्या कामाला लागायचे. ह्याला आमच्याकडे जागल म्हणतात. जागलीचा रोज कोणी देत नाही, आणि घरच्या हिशेबाच्या वहीतही तो मांडला जात नाही. एवढे करून एखाद्या रात्री डोळा लागतोच. सकाळी पाहावे तो तुरीचे शेंडे खुडलेले, हरभऱ्याच्या ओळी तुडवलेल्या आणि मऊ मातीत खुरांचे ठसे. रोही येऊन गेलेले असतात.

ज्याला पुस्तकांत नीलगाय म्हणतात त्या प्राण्याला वऱ्हाडात रोही म्हणतात. तो गाय नाही आणि हरीणही नाही. कुरंगांच्या कुळातला, घोड्याएवढा उंच, वयात आलेला नर करड्या-निळ्या रंगाचा, मादी आणि पाडस पिंगट. खामगाव तालुक्याचा हा भाग ज्ञानगंगेच्या खोऱ्यातला. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि त्यांच्या कुशीत सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य. पण रोही अभयारण्याची हद्द पाळत नाही. त्याचा जीव दाट जंगलात रमत नाही. झुडपी रान, नाल्याकाठची गवते, पडीक जमीन आणि तिला लागून असलेले वावर हेच त्याचे खरे घर. म्हणजे जिथे शेतकऱ्याचे घर तिथेच त्याचे.

ही पार्श्वभूमी एवढ्यासाठी मांडली, की ह्या प्रश्नावर अलीकडे एक तयार उत्तर सुचवले जाते आणि ते सुचवणारे बहुधा ह्या शिवारात रात्री आलेले नसतात. उत्तर असे: अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे मोजके परवाने निघतात, शिकारी त्यासाठी पैसे मोजतो, तो फक्त पूर्ण वाढलेला, मोठ्या शिंगांचा नर टिपतो आणि कोवळ्या नरांना वाढू देतो, आलेल्या पैशातून रान राखले जाते. आपल्याकडेही असेच करावे. हौशी शिकाऱ्याला शिंगे मिळतील, गावाला पैसा मिळेल, शेतकऱ्याचा त्रास जाईल, आणि शास्त्रीय पद्धतीने चालल्यामुळे प्राण्यांचेही भले होईल. एका दगडात चार पक्षी!

आमचे म्हणणे असे, की ह्या दगडाने शेतकऱ्याच्या झाडावरचा एकही पक्षी उडणार नाही. ही योजना शिंगांची शेती करण्याची आहे, आणि त्या शेतीला लागणारा चारा आमच्या वावरातला आहे. हे आम्ही अहिंसेच्या भूमिकेवरून म्हणत नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो. प्राणी मारण्याची वेळ कधीच येऊ नये असा आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह इतकाच, की मारायचे तर ते कोणासाठी आणि कशासाठी, हे सरळ शब्दांत सांगितले जावे.

प्रथम त्या परदेशी पद्धतीला न्याय देऊ. ती मूर्खांनी रचलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शुभ्रपुच्छ हरणांची संख्या घसरून अंदाजे पाच लाखांवर आली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास सांगितली जाते. बेसुमार व्यापारी शिकार बंद झाली, ऋतू ठरले, परवाने आले. १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला आणि बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा थेट वन्यजीवांच्या कामाला लागू लागला. 'टॅग' म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची चिठ्ठी. एक चिठ्ठी, एक जनावर. जिथे प्राणी थोडे आणि उमेदवार फार तिथे चिठ्ठ्यांची सोडत निघते, आणि कित्येकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. पुढे १९७० च्या दशकात टेक्सासात 'दर्जेदार हरीण-व्यवस्थापना'चा विचार रुजला. १९७५ साली अल ब्रदर्स आणि मर्फी रे ह्या दोघा जीवशास्त्रज्ञांचे त्यावरचे पुस्तक आले. त्याचा गाभा असा, की हरणाचे शिंग दरवर्षी गळते आणि दरवर्षी नवे येते. नर पाच-सहा वर्षांचा होईतो ते वाढत जाते. तेव्हा दीड वर्षाच्या पोराला गोळी घालून दोन टोकांचे शिंग भिंतीवर टांगण्यापेक्षा त्याला वाढू द्या.

इथवर ठीक. पण ह्या विचाराचे दुसरे अंग आहे आणि ते आपल्याकडच्या उत्साही मंडळींच्या बोलण्यात कधी येत नाही. कोवळे नर राखायचे, तर माद्या अधिक मारल्या पाहिजेत, असे तो विचार स्पष्ट सांगतो. कारण रानाला पोसवेल तितकीच संख्या ठेवायची असेल तर ती नरांच्या संख्येने आटोक्यात येत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. दहा नरांतले आठ मारले तरी पुढच्या वर्षी पाडसे जवळजवळ तितकीच होतात. संख्या ठरते ती माद्यांवरून. गुरे पाळणाऱ्या कोणत्याही माणसाला हे सांगावे लागत नाही. गावात वळू एकच असतो.

आता हेच गणित आमच्या शिवारात मांडून पाहा. रोह्याची मादी पुष्कळदा जुळी पाडसे देते. पिकात येतो तो माद्यांचा, पाडसांचा आणि अर्धवट वयाच्या नरांचा कळप. पूर्ण वाढलेला निळा नर बराच काळ एकटा हिंडतो. परवानाधारक शिकारी येणार, चार दिवस विश्रामगृहात राहणार, तो एकटा निळा नर टिपणार, फोटो काढणार आणि जाणार. कळप तिथेच. तुरीला एका तोंडाचा दिलासा मिळाला, बाकीची तोंडे पहिल्यासारखीच. उलट 'कोवळ्या नरांना वाढू द्या' हा नियम खरोखर पाळला, तर आज आमच्या हरभऱ्यात उभा असलेला पिंगट नर पुढची तीन-चार वर्षे आमच्याच हरभऱ्यावर वाढवायचा. त्याचे पोषण आम्ही करणार आणि फळ दुसरा नेणार. ह्याला जनावर बटाईने देणे म्हणतात. फक्त बटाईत मालकाला काही वाटा मिळतो.

शिवाय एक गमतीची गोष्ट आहे. रोह्याचे शिंग जेमतेम वीतभर. मोठ्या अंगाच्या मानाने ते इतके लहान, की दिवाणखान्यात लावले तर पाहुणा विचारील, हे बोकडाचे काय? तेव्हा शिंगांच्या हौसेने पैसे मोजणारा माणूस रोह्यासाठी फार काळ मोजणार नाही. त्याची नजर वळेल ती चितळ-सांबराच्या फांद्यांकडे आणि काळविटाच्या पिळदार शिंगांकडे. काळवीट तर आरंभापासून कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा नर सुमारे तीन वर्षांचा होईतो मादीसारखाच पिंगट असतो, मग काळा होतो. म्हणजे शिकाऱ्याला हवा असतो नेमका तो, जो माळावर जागा धरून माद्यांना बोलावतो. वऱ्हाडात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळचे अभयारण्य अवघे अठरा चौरस किलोमीटरचे. अशा ठिकाणी 'मोजके परवाने' म्हणजे किती? त्रास देतो रोही आणि रानडुक्कर, किंमत येते काळविटाला. आजार एकाला आणि शस्त्रक्रिया दुसऱ्यावर, असा हा उपचार आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, की रोह्याची शिकार पैसे मोजून होतेच, टेक्सासात होते. खरे आहे. आमचाच रोही तिथे आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचच्या परिसरात रोही सोडले गेले, आणि आज तिथे त्यांचे हजारोंचे कळप मोकळे फिरतात. शिकारी पैसे देऊन ते मारतात, मांस खातात. पाकिस्तानातून काळवीट नाहीसे झाले तेव्हा १९७० च्या दशकात तेही टेक्सासातून परत आणावे लागले होते. मग तिथे जे चालते ते पिंपळगावी का चालू नये?

कारण किंग रँच सव्वाआठ लाख एकरांचे आहे आणि पिंपळगावचे वावर दोन-चार एकरांचे. त्या रँचवर रोही हेच पीक आहे. त्याची कापणी परवान्याने होते आणि उत्पन्न जमिनीच्या मालकाच्या खिशात जाते. इथे पीक तूर आहे, रोही तिचा वाटेकरी आहे, जमीन एकाची, जनावर सरकारचे आणि नुकसान जमीनवाल्याचे. एकाच प्राण्याला एके ठिकाणी माल म्हणतात आणि दुसरीकडे उपद्रव. हा फरक प्राण्याच्या स्वभावातून आलेला नाही, जमिनीच्या मालकीतून आलेला आहे. मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून पद्धत तेवढी उचलून आणणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून तो आपल्याला शोभतो असे म्हणणे.

प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट उदाहरण टेक्सासचे नाही, मारखोराचे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर ही पिळदार शिंगांची रानबकरी नामशेष होण्याच्या वाटेवर होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सहा आणि पुढे बारा शिंगांच्या निर्यातीची आंतरराष्ट्रीय मुभा मिळाली. एकेका परवान्याची किंमत मोठी, आणि त्यातला ऐंशी टक्के वाटा स्थानिक गावांचा. गावांनीच चोरटी शिकार थांबवली. २०१५ साली ही जात 'संकटग्रस्त' वर्गातून वर आली. हे यश आम्ही मान्य करतो, आणि ते शिकारीमुळे आले हेही मान्य करतो.

पण ते कशामुळे जमले ते पाहा. मारखोर कड्याकपारींत राहतो. त्याने कोणाची तूर खाल्लेली नाही. तिथे प्रश्न थोड्या प्राण्यांना वाढवण्याचा होता, इथे प्रश्न पिकात उतरणाऱ्या प्राण्यांना आवरण्याचा आहे. दोन्ही रोगांना एकच औषध कसे चालेल? आणि दुसरे, पैशाचा वाटा तिथे गावाच्या हाती आला, कारण डोंगरउतारावर गावाचा सामूहिक हक्क आधीपासून चालत होता. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांची दारे उघडली, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ती २००९ साली ओलांडूनही दाखवली. परंतु अधिकार गावाच्या हाती येणे ही पहिली पायरी असते. परवान्यांचे समर्थक तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतात.

आता इतिहास. ही कल्पना नवी असल्यासारखी मांडली जाते ह्याचे आम्हाला नवल वाटते, कारण आपण ती वापरून झालेली आहे. १९१२ साली ब्रिटिश सरकारने पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, त्यात बंदीचे ऋतू होते. मध्य प्रांत-वऱ्हाडात राखीव जंगलांचे शिकारीचे गट पाडून परवान्यावर दिले जात. मुंबई राज्याने १९५१ साली स्वतंत्र कायदा केला. खुद्द १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातही मुळात 'लहान शिकार', 'मोठी शिकार' असे परवान्यांचे प्रकार होते. ते १९९१ च्या दुरुस्तीने गेले. शिंगांची इंचांत मोजदाद करणारे रोलँड वॉर्डचे नोंदपुस्तक १८९२ पासून निघते, आणि कोवळ्या शिंगांचा नर मारणे हे सद्गृहस्थाला शोभत नाही, असा शिष्टाचार त्या काळच्या साहेबी शिकारपुस्तकांत उपदेशिलेला असे. म्हणजे मोजके परवाने आणि 'वाढू द्या' हे दोन्ही मंत्र इथे जपून झाले. त्याच काळात चित्ता गेला. शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्रीत मारल्याचे सांगतात, आणि १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. माळांवरचे काळविटांचे कळपही विरळ होत गेले. सारा दोष परवान्यांचा, असे आम्ही म्हणणार नाही. माळ नांगरले गेले, जीपगाड्या आणि प्रखर दिवे आले. परंतु नियम मोडणारा आणि नियम राबवणारा एकाच पंगतीला जेवत असतील तेव्हा इंचांची मोजपट्टी कोणाला अडवत नाही, एवढा धडा त्या इतिहासातून निश्चित मिळतो.

त्याच इतिहासाची दुसरी बाजू ह्याहून कडू आहे. ज्या वर्षांत साहेब परवान्याने काळवीट मारत होता, त्याच वर्षांत फासेपारधी गवतात फासे मांडून तेच काळवीट धरत होता. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने कळपापर्यंत पोहोचत होता. एकाच्या कृत्याला खेळ म्हटले गेले. दुसऱ्याच्या जमातीवर १८७१ च्या कायद्याने सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला, तरी वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्याकडे वळते हे कोणाला माहीत नाही? उद्या श्रीमंत शिकाऱ्याला पैसे घेऊन पुन्हा परवाना दिला, तर तितराचा फासा लावणाऱ्या पारध्याला त्याच दिवशी कोणत्या तोंडाने तुरुंगात टाकणार? पैसे भरले की शिकार आणि न भरले की गुन्हा, ह्या तत्त्वाला नीती म्हणता येत नाही. फार तर जकात म्हणता येईल.

इथे भाषेकडे वळणे भाग आहे, कारण ह्या वादात निम्मी लढाई शब्दांतच हरली जाते. राजा मारी ती मृगया, पारधी मारी ती पारध, साहेब मारी ती शिकार, आणि आता जे येऊ घातले आहे ते 'व्यवस्थापन'. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंत हरणामागे धावत येतो आणि तपस्वी त्याला अडवतात, हे सर्वांना आठवते. दुसऱ्या अंकातला सेनापती मात्र फारसा कोणाला आठवत नाही. तो मृगयेचे गुण गातो: अंगातली चरबी झडते, शरीर हलके होते, प्राण्यांचे स्वभाव कळतात. आजच्या शिकारसमर्थकाची शब्दकळा दीड हजार वर्षांत किती थोडी बदलली आहे! आणि रामकथेतला कांचनमृग घ्या. मराठी घराघरांत ती कथा सांगताना सीतेला त्या हरणाच्या कातड्याची चोळी हवी असते. भूक नाही, पिकाची राखण नाही, केवळ झळाळीचा मोह. त्या मोहाची किंमत पुढे कोणी मोजली ते सांगायला नको.

मराठीतल्या शिकारकथेनेही 'उमदा नर', 'जातिवंत शिकारी', 'रुबाबदार शिंगे' अशी विशेषणे पिढ्यानपिढ्या घोटली. त्या कथांत सहसा शेतकरी असतो तो हाकारा म्हणून, आणि त्याला नाव नसते. ह्या वाटेने रानात गेलेले काही जण मात्र वेगळे होऊन परतले. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे त्यांच्या हातून वानरांच्या टोळ्यांची 'सत्तांतर' लिहिली गेली. मारुती चितमपल्लींनी सारी हयात वनखात्यात घालवून मराठीला रानाचे शब्द दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ह्या लेखकांनी प्राण्याला भिंतीवरून उतरवून पुन्हा त्याच्या रानात उभे केले. आता 'व्यवस्थापना'च्या नावाने त्याला परत भिंतीवर नेण्याचा जो घाट आहे, त्याला निदान वाङ्मयाच्या बाजूने तरी साथ मिळू नये.

एवढे वाचून शहरातले प्राणिप्रेमी वाचक सुखावले असतील, तर त्यांचाही भ्रम दूर करणे आवश्यक आहे. आमचे भांडण त्यांच्याशीही आहे. २०१६ च्या जून महिन्यात बिहारमधील मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. केंद्राने त्याआधी रोह्याला तिथे उपद्रवी ठरवले होते. त्यावर एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीरपणे भांडले. एकीकडे 'मारण्याची लालसा', दुसरीकडे 'राज्याने मागितले म्हणून दिले'. त्या आठवड्यात देशभर रोह्यांची छायाचित्रे फिरली. उद्ध्वस्त मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या वावरात उभ्या असलेल्या बाईचे एकही छायाचित्र आम्हाला पाहिल्याचे आठवत नाही. ज्याला प्राणी पडद्यावर भेटतो त्याची करुणा स्वस्त असते. तिचा खर्च आमच्या नावे पडतो.

आणि सरकारी करुणेची तऱ्हा ह्याहून न्यारी. महाराष्ट्रात २०१५ पासून पिकाची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकराच्या पारधीचा परवाना वनाधिकारी देऊ शकतात. ऐकायला हे छान आहे. परंतु ज्याच्याकडे बंदूक नाही, बंदुकीचा परवाना नाही, त्या अल्पभूधारकाने त्या कागदाचे करायचे काय? पूर्ण वाढलेल्या रोह्यावर गोफण चालवायची? मारलेले जनावर कायद्याच्या ३९ व्या कलमाने सरकारी मालमत्ता ठरते; जिवंत असताना आमच्या तुरीवर पोसलेले ते जनावर मेल्याबरोबर सरकारचे होते. नुकसानभरपाईचा अर्ज करावा तर पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पीक काढून झालेले असते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने भरपाईची जी रक्कम उचलली, ती मिळवण्यासाठी मारलेल्या खेपांच्या भाड्याहून फार मोठी नव्हती. पुढच्या वर्षी त्याने अर्जच केला नाही. मग कोणी तारेत चोरून वीज सोडतो. रात्री रोही मरतो, कधी बिबट्या मरतो, आणि कधी शेजारच्या वावरात पाणी द्यायला निघालेला माणूस मरतो. ह्या मरणांना परवाना लागत नाही, आणि त्यांची शिंगे कोणी मोजत नाही.

मग करायचे काय, हा प्रश्न आम्हाला विचारला जाईल आणि तो विचारला जावा. आमची उत्तरे नवी नाहीत, आणि चमकदार तर नाहीतच.

नुकसानभरपाई ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे आणि तीत जागलीचे श्रम धरले पाहिजेत. कुंपण एकेकट्याने घातले की कळप शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. म्हणून ते शिवाराला शिवार जोडून, सरकारी खर्चाने घातले पाहिजे. गायराने आणि पडीक गवताळ पट्टे अतिक्रमणांनी आणि चुकीच्या झाडलावणीने गिळले गेले, ते सोडवले पाहिजेत. रोह्याला वावराबाहेर तोंड घालायला जागाच उरली नाही तर त्याला दोष तरी काय द्यायचा? २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांची भ्रमंती करून ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. त्याला इथवर यावेसे वाटले ह्याचा अर्थ इथे त्याला भक्ष्य होते. पण येण्याजाण्याच्या वाटा आणि जोडीदार नसेल, तर असा पाहुणा संसार थाटत नाही, आणि रोह्यांच्या संख्येवर रानाचा स्वतःचा अंकुशही बसत नाही.

आणि एवढे करूनही एखाद्या भागात संख्या कमी करावीच लागली, तर ती कमी करायची आहे असे उघड म्हणून करावी. आधी मोजणी, मग ग्रामसभेचा ठराव, मग शिकवून तयार केलेल्या सरकारी माणसांच्या हातून काम. त्यात माद्याही असतील. त्यात फोटो नसतील, फी नसेल, शिंग नसेल. ते काम कोणाला आवडू नये असेच व्हावे. केरळने २०२२ साली रानडुकराबाबतचा निर्णय पंचायतींच्या प्रमुखांच्या हाती दिला. त्या पद्धतीतल्या उणिवा शोधाव्यात, पण ज्याच्या पिकावर संकट त्याच्या जवळ निर्णय आणण्याची दिशा तिथे निदान धरली गेली. आणि प्राण्यांच्या वाटा, वेळा, वेत ज्यांना पाठ आहेत त्या पारध्यांना ह्या मोजणीत आणि राखणीत पगारी काम द्यावे. शतकभर ज्या ज्ञानाला गुन्हा ठरवले त्याची एवढी तरी भरपाई व्हावी.

शेवटी 'वाढू द्या' ह्या शब्दांविषयी. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाच्या डोंगरावर रानमेंढ्यांचा तीस वर्षांचा अभ्यास झाला; तो २००३ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठ्या शिंगांचे नर सतत टिपले गेल्याने पिढ्यांगणिक शिंगेच लहान होत गेली, असे त्यात दिसले. त्यावर शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले, ते त्यांनी मिटवावेत. आम्हाला त्यातून एवढेच दिसते, की नुसत्या शिंगांच्या लोभाने रान राखायला निघालेल्याच्या हाती अखेर शिंगही राहील याची खात्री नाही.

'वाढू द्या' हे आमच्या शिवारातही कोणाविषयी तरी म्हणायला हवे आहे. बाविसाव्या वर्षी माळ्यावर रात्री काढणारा, दिवसा वखर धरणारा, आणि शेती करतो म्हणून ज्याच्या सोयरिकीला कोणी होकार देत नाही असा मुलगा इथे घरोघर आहे. त्याच्या वाट्याची तूर कोणाच्या तरी भिंतीवरच्या शिंगांसाठी राखीव ठेवायची असेल, तर ते त्याला तोंडावर सांगावे. परवान्यांची योजना ज्यांना मनापासून पटलेली आहे त्यांना आमचे आग्रहाचे निमंत्रण आहे: येत्या पौषात एक रात्र पिंपळगावी या. घोंगडी आम्ही देऊ, चहा आम्ही देऊ, बॅटरीही आमचीच. कळप हरभऱ्यात उतरला म्हणजे आम्ही झोत टाकू. त्या पंधरा-वीस चमकणाऱ्या डोळ्यांच्या जोड्यांमधून कोणते एक जनावर मारले म्हणजे सकाळी पीक उभे राहील, ते त्या मुलाच्या शेजारी बसून त्याला दाखवा.